वीटभट्टीपर्यंत टिकणारं औषध

दिवाळी आटोपते, भात झोडून कणगीत पडतं आणि मोखाडा तालुक्यातले पाडे रिकामे व्हायला लागतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्टीवाल्यांनी उचल आधीच दिलेली असते. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं टेम्पोत घालून कुटुंबंच्या कुटुंबं जगायला निघतात. शिमग्याला कुणी चार दिवस येऊन जातं, बाकीचे पावसाच्या तोंडावर परततात. जव्हार-मोखाड्यातल्या बहुतेक गावांचं वर्ष असं दोन तुकड्यांत विभागलेलं आहे. पोशेरा त्यातलंच एक गाव.

समजा, इथल्या एखाद्या चाळिशीच्या माणसाला ऑक्टोबरात सरकारी दवाखान्यात नैराश्याचं निदान झालं. तो काही ‘मला नैराश्य आलंय’ म्हणून गेलेला नसतो. अंगात त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, जीव घाबरा होतो, एवढंच त्यानं सांगितलेलं असतं. भगताकडे एक फेरी झालेली असते, सलाईनही लावून झालेलं असतं. डॉक्टर चिठ्ठीवर एक गोळी लिहितात: रोज सकाळी एक, आणि बरं वाटलं तरी निदान सहा महिने थांबवायची नाही. या सहातले पाच महिने हा माणूस गावात नसणार.

औषधशास्त्राच्या पुस्तकात रुग्ण एका पत्त्यावर राहतो, महिन्याला तपासणीला येतो आणि गोळ्या संपायच्या आधी नव्या घेतो. मोखाड्यात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून या औषधांबद्दल नेहमी चर्चिला जाणारा प्रश्न, ती मेंदूत नेमकं काय करतात हा, इथे निम्माच कामाचा आहे. उरलेला निम्मा प्रश्न असा: गोळी चुकल्यावर ती शरीरात किती दिवस पुरते?

जव्हार-मोखाड्याच्या आरोग्याबद्दल बोलताना सहसा कुपोषणाच्या पुढे कुणी जात नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला, आणि तेव्हापासूनची चर्चा बहुतांशी वजनकाट्यापाशी थांबली आहे. मनाच्या आजाराला त्या चर्चेत फारशी जागा मिळाली नाही. ग्रामीण रुग्णालय मोखाड्याला आहे, पतंगशहा कुटीर रुग्णालय जव्हारला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत जिल्ह्याचं ठिकाण ठाणे होतं, आणि वेड्यांचा दवाखाना म्हटलं की लोकांना ठाण्याचं १९०१ सालापासूनचं मनोरुग्णालयच आठवे. साध्या नैराश्याचा माणूस तिथे कशाला जाईल? तो गेला नाही, हे त्याचं शहाणपणच म्हणायचं. त्याच्या आजारावरचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला हवा, आणि होऊ शकतो.

नैराश्यावरच्या औषधांच्या इतिहासातले दोन टप्पे खुद्द मुंबईत घडले आहेत, पण मुंबईकरांनाही ते फारसे ठाऊक नसतात.

पहिला टप्पा परळचा. केईएम रुग्णालयात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावर होणारा परिणाम नोंदवत होते. सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या जंगलात सापडणारी ही वनस्पती वैद्यांना पूर्वापार माहीत होती. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्यावर लिहिलं होतं. पण १९४९ मध्ये वकिलांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास छापला तेव्हा पाश्चात्त्य जग दचकून जागं झालं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसरपिन घेणाऱ्यांपैकी काहींचा रक्तदाब उतरला, पण त्याबरोबर त्यांचं मनही खचलं. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की हे औषध मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. दोन गोष्टी शेजारीशेजारी आल्या आणि गणित मांडलं गेलं: सेरोटोनिन कमी झालं की माणूस उदास होतो. गणित सोपं होतं, म्हणून ते पसरलं. त्याच वर्षी लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातल्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि उदासी असलेल्या रुग्णांना रेसरपिन देऊन पाहिलं, तर त्यांना उलट बरं वाटलं होतं. हा निष्कर्षही ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आला होता, पण सोप्या गणितात तो बसत नव्हता. तो बाजूला पडला.

त्याच सुमारास न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू नावाच्या क्षयरोग रुग्णालयात भलताच प्रकार घडत होता. आयप्रोनियाझिड या क्षयाच्या नव्या औषधावर असलेले, महिनोन्‌महिने खाटेला खिळलेले रुग्ण १९५२ मध्ये हसू-बोलू लागले, भूक लागल्याचं सांगू लागले. फुप्फुसं सुधारायच्या आधी माणसं सुधारल्यासारखी दिसत होती. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर बंद पाडतं. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन तोडणारं ते हेच विकर. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी ते नैराश्यावरचं औषध म्हणून पुढे आणलं. यकृताला इजा होते म्हणून ते काही वर्षांतच मागे घ्यावं लागलं. क्षय आणि नैराश्य यांच्या औषधांचं हे नातं मात्र तिथे संपलं नाही.

तिसरं औषध स्वित्झर्लंडच्या म्युन्स्टरलिंगेन इथल्या मनोरुग्णालयात सापडलं. गायगी कंपनीनं स्किझोफ्रेनियासाठी पाठवलेल्या एका संयुगाचा तिथल्या रोलंड कून यांना अपेक्षित उपयोग दिसला नाही, पण १९५६ मध्ये नैराश्याच्या रुग्णांवर ते लागू पडलं. तेच इमिप्रामिन, तीन कड्यांच्या रेणूंच्या मोठ्या कुटुंबातलं पहिलं. १९५७ च्या झुरिक परिषदेत कून यांनी ते मांडलं तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. या रुग्णालयात रुग्णांना पुरेशी कल्पना न देता किती औषधं देऊन पाहिली गेली, याचा हिशेब स्वित्झर्लंडच्या इतिहासकारांनी २०१९ साली मांडला. तो वाचल्यावर कून यांच्याबद्दलचा आदर थोडा काळवंडतो.

आता दुसरा मुंबईकर टप्पा, गोरेगावचा. सिबा कंपनीनं इथे उभारलेल्या संशोधन केंद्राचं उद्घाटन १९६३ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी केलं. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेले नामवंत रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी संचालक झाले. परदेशी औषधाच्या गोळ्या पाडणारे कारखाने मुंबईत पुष्कळ होते. इथे मात्र नवा रेणू शून्यातून घडवायचा, प्राण्यांवर तपासायचा आणि माणसापर्यंत न्यायचा, अशी सगळी साखळी एका आवारात होती. कुप्पुस्वामी नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमिप्रामिनच्या घराण्यातला एक रेणू तिथे तयार केला. बाजूची शेपटी जवळपास तीच ठेवली: तीन कार्बनांची साखळी आणि टोकाला नायट्रोजन. मधल्या सात कोनांच्या कड्यात त्यांनी ऑक्सिजन आणला आणि कडेच्या एका कड्याला नायट्रो गट जोडला. नाव पडलं नायट्रॉक्सॅझेपिन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ‘सिंटामिल’ या नावानं बाजारात आलं.

सिंटामिल सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या दोहोंचं परत शोषण रोखत असे. परिणाम इमिप्रामिनसारखा, पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं हे त्रास कमी, असा त्याचा लौकिक होता. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांनाही ते दिलं जाई. भारतात शोधलेलं, भारतात तपासलेलं आणि भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी खरोखर वापरलेलं हे औषध. शाळेच्या पुस्तकात विज्ञानाच्या अभिमानस्थळांच्या याद्या असतात, त्यात ते कधी आलं नाही. आजार असा की ज्याचं नाव घ्यायला लोक कचरतात, त्याच्या औषधाचा अभिमान कोण मिरवणार?

तीन कड्यांच्या या औषधांचा एक मोठा दोष होता. महिन्याभराच्या गोळ्या एकदम घेतल्या तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. ज्या आजारात जीव नकोसा होतो, त्याच्या रुग्णाच्या हाती हे द्यायचं! दूरच्या पाड्यावरच्या माणसाला दोन महिन्यांच्या गोळ्या देताना डॉक्टरांचा हात अडखळे तो यामुळे. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या फ्लुओक्सेटिननं ही भीती बरीच कमी केली. पाठोपाठ त्याच जातीची सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, सिटालोप्राम ही औषधं आली आणि २००२ मध्ये सिटालोप्रामच्या दोन आरशातल्या रूपांपैकी कामाचं तेवढं निवडून एसिटालोप्राम आलं. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यामुळे देशी कंपन्यांनी ही औषधं वेगळ्या वाटेनं बनवून स्वस्तात विकली. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत फ्लुओक्सेटिन आणि एसिटालोप्राम दोन्ही आहेत.

ही औषधं करतात काय? मेंदूतल्या दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, समोरची ते ओळखते, आणि काम झालं की सोडणारी पेशीच ते परत आत ओढून घेते. ओढून घेण्याचं काम एक वाहक प्रथिन करतं. फ्लुओक्सेटिन आणि त्याची भावंडं या वाहकालाच अडवतात. भाताच्या खाचराचं पाणी ज्या तोंडानं पुढे जातं ते चिखलानं बुजवलं, की वरून जास्त पाणी न येताही खाचर भरतं. औषध सेरोटोनिन बनवत नाही, आहे ते फटीत जास्त वेळ ठेवतं. नेहमीच्या डोसला मेंदूतले सुमारे ८० टक्के वाहक अडलेले असतात, हे स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. म्हणून डोस दुप्पट केला की गुणही दुप्पट येतो असं होत नाही. त्रास मात्र वाढतात.

वाहक काही तासांत अडतो. माणसाला बरं वाटायला मात्र साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. या अंतराचं एक उत्तर असं दिलं जातं: फटीत सेरोटोनिन वाढल्याचं सोडणाऱ्या पेशीला तिच्याच अंगावरच्या, सेरोटोनिन ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनांकडून कळतं आणि ती सुरुवातीला आपलं काम आवरतं घेते. दोन-तीन आठवड्यांत हे ग्राहक बधिर होतात, पेशी पुन्हा मोकळेपणी काम करू लागते. दुसरं उत्तर पेशींच्या फांद्या आणि जोडण्या नव्यानं वाढण्याशी संबंधित आहे. ही औषधं मेंदूच्या वाढीला मदत करणाऱ्या एका प्रथिनाच्या ग्राहकाला थेट चिकटतात, असं फिनलंडच्या एरो कास्त्रेन यांच्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं.

सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य, हे १९५० च्या दशकातलं गणित मात्र टिकलेलं नाही. जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये उपलब्ध पुरावा एकत्र तपासला, त्यात त्याला आधार सापडला नाही. त्यावरून ‘मग गोळ्याही खोट्या’ असा गदारोळ झाला. तो निष्कर्ष घाईचा आहे. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेनं आला असं कुणी म्हणत नाही. गोळी लागू पडते का, हे गोळीची चाचणी घेऊनच ठरतं. आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटानं २०१८ मध्ये ५२२ चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला. तपासलेली २१ च्या २१ औषधं आत औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. आजार जितका तीव्र तितका औषधाचा उपयोग ठळक दिसतो, असा बहुतेक डॉक्टरांचा अनुभव आहे.

आपल्याकडच्या माणसांवर काय झालं ते गोव्यात दिसतं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ४५० जणांवर केलेली चाचणी २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. हे लोक मानसोपचारासाठी आलेले नव्हतेच. थकवा, अंगदुखी, झोप नसणं, घाबरं होणं अशाच तक्रारी घेऊन ते आले होते. त्यांचे तीन गट केले: एकाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी बनावट गोळी, तिसऱ्याला समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिनचा गट बनावट गोळीच्या गटापेक्षा स्पष्टपणे बरा होता, आणि एकूण खर्चाच्या हिशेबातही ते परवडलं. समुपदेशनाचा गट बनावट गोळीच्या पुढे गेला नाही.

पटेल तिथे थांबले नाहीत. त्यांच्या ‘संगाथ’ संस्थेनं समुपदेशनच नव्यानं बांधलं. गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम बेतला. त्यात बालपणाच्या आठवणी उकरणं नव्हतं. सोडून दिलेली कामं, भेटीगाठी, छंद एकेक करून परत सुरू करायला लावणं, एवढाच भर होता. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ जणांवर घेतलेली ही चाचणी २०१७ मध्ये आली. तीन महिन्यांनी आजारातून बाहेर आलेले कार्यक्रमात ६४ टक्के होते आणि नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. विदर्भातल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी आणि समुपदेशकांनी असंच काम केलं. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मोखाड्यात आशा कार्यकर्त्या आहेत. दिवाळीनंतर कोणतं घर कुठल्या भट्टीवर गेलं, हे गावात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

तर आपला माणूस गोळी सुरू करतो. पहिल्या आठवड्यात त्याला मळमळतं, कारण शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन डोक्यात नाही, आतड्यात असतं. पोट ढवळतं, शौचाला पातळ होते, डोकं दुखतं. धडधड आणि बेचैनी असणाऱ्यांची घालमेल पहिले काही दिवस उलट वाढते. म्हणून चिंतेच्या रुग्णाला निम्म्या डोसनं सुरुवात करतात: एसिटालोप्रामची १० मिलिग्रॅमऐवजी ५ ची गोळी. पहिल्या दहा दिवसांत औषध फक्त त्रासच देतंय असं रुग्णाला वाटतं, आणि ते खोटं नसतं. पाकीट घराच्या आढ्यात खोचलं जातं ते याच दहा दिवसांत. हे होणार आहे आणि ओसरणार आहे, एवढं पहिल्याच भेटीत सांगायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागतात. ती मिळाली नाहीत, तर पुढचं सगळं शास्त्र वाया.

घबराटीवर झटपट उतारा देणारी अल्प्राझोलाम जातीची गोळीही असते. ती अर्ध्या तासात शांत करते आणि काही आठवड्यांत सवय लावते. चिठ्ठीशिवाय ती देणं बेकायदा आहे, तरी मिळते. फ्लुओक्सेटिन किंवा एसिटालोप्राम हे तसं नशेचं औषध नाही. जास्त घेण्याची ओढ लागत नाही, घेतल्यावर गंमतही वाटत नाही. पण म्हणून ते अचानक सोडता येतं असं नाही, आणि इथेच भट्टी आडवी येते.

डिसेंबरात, समजा, गोळ्या संपल्या. पुढे काय होतं ते गोळी कोणती यावर ठरतं. व्हेन्लाफॅक्सिन हे याच कामाचं आणखी एक औषध. त्याचं निम्मं प्रमाण शरीरातून पाचेक तासांत जातं, त्याच्या सक्रिय घटकाचं अकरा-बारा तासांत. दुसऱ्याच दिवशी डोकं गरगरतं, घाम सुटतो, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. पॅरॉक्सेटिनचं निम्मं आयुष्य एका दिवसाच्या आतलं, त्याचाही प्रकार फारसा वेगळा नाही. एसिटालोप्रामचं सत्तावीस ते बत्तीस तास. त्रास दोन-चार दिवसांनी आणि बहुधा सौम्य. फ्लुओक्सेटिन मात्र या सगळ्यांत निराळं आहे. नियमित घेतल्यावर त्याचं निम्मं आयुष्य चार ते सहा दिवस असतं. यकृतात त्यापासून नॉरफ्लुओक्सेटिन तयार होतं, तेही तेवढंच कामाचं असतं, आणि ते निम्मं व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे भट्टीवर चार दिवस गोळी चुकली तरी रक्तातली पातळी एकदम कोसळत नाही. महिनाभर गोळी नसली तरी ती हळूहळू आपोआप उतरत जाते. अमेरिकेत तर आठवड्यातून एकदा घ्यायची फ्लुओक्सेटिनची कॅप्सूल २००१ पासून मिळत होती.

शहरातल्या दवाखान्यांत एसिटालोप्राम जास्त लिहिलं जातं. इतर औषधांशी ते कमी भांडतं, चिंतेवर चांगलं चालतं, यादीत ते योग्यच आहे. पण पोशेऱ्याहून भिवंडीला जाणाऱ्या माणसासाठी जुनं, स्वस्त, काहीसं मागं पडलेलं फ्लुओक्सेटिन जास्त समजूतदार ठरू शकतं, असं औषधशास्त्राच्या आकड्यांवरून म्हणता येतं. त्याच्या मर्यादाही आहेत. ते रक्तात पूर्ण साचायला महिना लागतो. काहींची झोप उडते, म्हणून सकाळीच घ्यायचं. आणि उतरायला वेळ लागतो याचा अर्थ आजार उलटत नाही असा नाही. तो गोळी थांबल्यावर काही आठवड्यांनी, कदाचित शिमग्याच्या सुमारास डोकं वर काढतो, आणि तेव्हा गोळी आणि आजार यांचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे निघताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत देणं, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव ठळक लिहिणं म्हणजे भिवंडीच्या सरकारी दवाखान्यातही ते ओळखता येईल, आणि आशाताईंनी महिन्याला एक फोन करणं, हे डोस ठरवण्याइतकंच महत्त्वाचं. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक भट्टीवरूनही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

गोळी सुरू करण्याआधीचे काही प्रश्न सुटता कामा नयेत. थकवा आणि मन न लागणं रक्त कमी असल्यानंही होतं, थायरॉइडच्या बिघाडानंही होतं. जव्हार-मोखाड्यात हिमोग्लोबिन न पाहता नैराश्याची गोळी देणं हा आळस झाला. पूर्वी कधी आठ-दहा दिवस झोपेविना प्रचंड उत्साह, अवाजवी खर्च, मोठमोठ्या बाता असं झालं असेल, तर आजार दुसराच असू शकतो आणि एकटी ही गोळी माणसाला उन्मादात ढकलू शकते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढल्याची नोंद आहे, तेव्हा त्यांच्यावर घरच्यांची नजर हवी. म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम या औषधांनी उतरू शकतं, मग ती भ्रमिष्टासारखी वागू लागतात.

भट्टीवर दिवसभर विटा पाडणाऱ्याची कंबर धरते आणि तो मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणतो. रक्तातल्या चपट्या पेशींना गुठळी करण्यासाठी सेरोटोनिन लागतं, ते त्या याच वाहकामार्फत आत घेतात. वाहक अडला की रक्त गोठण्याची ताकद थोडी घटते. त्यात अशा वेदनाशामकांनी जठराचं अस्तर खरवडलं, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. त्याऐवजी पॅरासिटामॉल बरं. ट्रॅमाडॉल टाळायचं, कारण तेही सेरोटोनिन वाढवतं. एसिटालोप्रामला यकृतातलं जे विकर तोडतं, ते मंद चालणारी माणसं युरोपीय लोकांपेक्षा भारतीयांत जास्त आढळतात. अशा माणसाला साधा डोसही भारी पडू शकतो, म्हणून कमी डोसनं सुरुवात करणं इथे अधिक शहाणपणाचं.

राहिला क्षय. साध्या क्षयावरचं रिफॅम्पिसिन यकृताची विकरं जोरात चालवतं आणि नैराश्यावरच्या काही औषधांची रक्तातली पातळी खाली आणतं. आधी लागू पडलेली गोळी मग निष्प्रभ वाटू शकते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर आता लिनेझोलिड दिलं जातं, आणि हे जिवाणूनाशक योगायोगानं सी व्ह्यूच्या त्या जुन्या आयप्रोनियाझिडसारखं मोनोअमाइन ऑक्सिडेजलाही दाबतं. एकीकडे वाहक अडलेला, दुसरीकडे तोडणारं विकर बंद. मग सेरोटोनिन इतकं चढू शकतं की थरथर, ताप, स्नायूंचा ताठरपणा आणि असंबद्ध बडबड सुरू होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये याबद्दल इशारा दिला. त्याच उपचारातलं बेडाक्विलिन हृदयाच्या आलेखातलं एक अंतर लांबवतं, एसिटालोप्रामही तेच करतं, त्यामुळे दोन्ही एकत्र देताना आलेख काढून पाहावा लागतो. आणि फ्लुओक्सेटिनचं जे दीर्घायुष्य भट्टीवर कामाला आलं, तेच इथे अडचण होतं. बाकीची भावंडं थांबवल्यावर दोन आठवड्यांत शरीरातून निघून जातात, फ्लुओक्सेटिनला पाच आठवडे लागतात. क्षयाचा उपचार तितकं थांबू शकत नसेल, तर डॉक्टर रुग्णाला नजरेखाली ठेवून दोन्ही धोके तोलतात. त्यासाठी क्षयाच्या केंद्रावर जाताना मनाच्या गोळ्यांचं पाकीट, रिकामं असलं तरी, बरोबर न्यायचं आणि औषध शेवटचं कधी घेतलं तेही सांगायचं, दीड महिन्यापूर्वी घेतलं असलं तरी.